परत ऑस्ट्रेलियाच?

दोस्तांनो, क्रिकेटचं नवं वेळापत्रक पेपरात आलं की घरोघरी एक ठरलेला संवाद झडतो.

"बाबा, पुढची कसोटी मालिका कुणाशी?"

"ऑस्ट्रेलियाशी."

"परत? आत्ताच तर झाली की!"

झालं! बाबांना तेवढंच पाहिजे असतं. "आमच्या वेळी काय व्हायचं ठाऊक आहे का..." असं त्यांनी सुरू केलं की तुम्ही दप्तर उचलून सटकता. पण या भांडणात दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कसं ते बघायचं तर आधी आकडे काढावे लागतील.

भारत आणि ऑस्ट्रेलिया पहिली कसोटी खेळले ते नोव्हेंबर १९४७ मध्ये, ब्रिस्बेनला. तेव्हापासून फेब्रुवारी १९९२ पर्यंत, म्हणजे सुमारे ४४ वर्षांत, दोघांत कसोट्या झाल्या ५०. पुढे १९९६ साली बॉर्डर-गावस्कर करंडक सुरू झाला. तिथून जानेवारी २०२५ मधल्या सिडनी कसोटीपर्यंत किती झाल्या असतील? ६२! यात २०२३ ची ओव्हलवरची जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढतही धरली आहे. त्यातही डिसेंबर २००७ ते मार्च २०१३ हा काळ बघा. सव्वापाच वर्षांत पाच मालिका आणि १८ कसोट्या! एकदा आपण तिकडे जाऊन ४-० असे हरून आलो, तर वर्षभरात ते इकडे येऊन ४-० असे हरून गेले. पाहुणा इतक्या वेळा आला, तर घरातलं माणूस चहा तरी किती वेळा टाकणार?

म्हणजे "परत?" हा प्रश्न काही खोटा नाही.

आता बाबांची, खरं तर आजोबांची, बाजू. १९६९ साली ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात येऊन गेला, त्यानंतर दोघांची गाठ पडली ती १९७७ च्या डिसेंबरात. पहिलीत बसलेला मुलगा तोवर नववीत गेला! त्याने गावस्कर, बेदी, चंद्रशेखर यांना ऑस्ट्रेलियाशी झुंजताना मनातल्या मनात शेकडो वेळा खेळवलं असेल. मग पहाटे अंथरुणात बसून रेडिओला कान लावायचा. त्या मालिकेत आपण पहिले दोन सामने हरलो, पुढचे दोन जिंकलो आणि शेवटच्या अ‍ॅडलेड कसोटीत ४९३ धावांचा पाठलाग करताना ४४५ पर्यंत पोहोचलो. फक्त ४७ धावांनी हरलो. पुढची भेट दोनच वर्षांत झाली, म्हणून बरं.

सगळ्यांचंच नशीब असं नव्हतं. कोल्हापूरपासून तासा-दीड तासावर सांगली. तिथे जन्मलेले विजय हजारे १९४७-४८ च्या त्या पहिल्याच दौऱ्यावर होते. समोर ब्रॅडमनचा संघ, लिंडवॉल आणि मिलरची तोफ. अ‍ॅडलेडला हजारेंनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा काढल्या. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. मग ऑस्ट्रेलियाशी पुन्हा गाठ कधी? १९५६ साली! तोवर हजारेंची कसोटी कारकीर्द संपून तीन वर्षं झाली होती. अ‍ॅडलेडचा तो सूर पुढच्या मालिकेत टिकला असता का, हे कळायची सोयच राहिली नाही.

आणि आपले भाऊसाहेब निंबाळकर! कोल्हापुरात जन्मलेले, कोल्हापुरातच २०१२ साली वारलेले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा काढल्या. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा. म्हणजे बरोबरीला हव्या होत्या फक्त नऊ धावा, दोन-तीन चौकारांचं काम. पण काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. सामना सोडून दिला! बरं, त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोट्या खेळत होता. भाऊसाहेबांची खेळी झाली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीच्या मधल्या दिवसांत. तरी त्यांना बोलावणं आलं नाही. त्या मालिकेत नाही आणि पुढेही कधी नाही. अधिकृत कसोटी सामना त्यांना एकही मिळाला नाही. कसोट्या मोजक्या, जागा अकरा, आणि वाट बघणारे डझनांनी. एका कसोटीची वाट बघत ज्या गावातल्या माणसाचा उमेदीचा काळ सरला, त्याच गावात आज आपण बासष्टाव्या कसोटीला जांभई देतो. आहे की नाही गंमत?

पण थांबा, जांभई कशामुळे येते हेही नीट बघायला पाहिजे. नुसतं "तुम्हाला किंमत नाही" म्हणून मुलांना झापणं मला पटत नाही.

कंटाळा दोन तऱ्हांचा असतो. एक आहे निकालच न लागण्याचा. भारत आणि पाकिस्तान १९५४-५५ मध्ये पाच कसोट्या खेळले, पाचही अनिर्णित. १९६०-६१ मध्ये पुन्हा पाच, त्याही अनिर्णित. हरायची भीती इतकी, की जिंकायला कुणी निघेचना! इथे सामने जास्त झाले म्हणून कंटाळा आला असं कोण म्हणेल? दोन मालिकांच्या मध्ये चांगली सहा वर्षं गेली होती.

दुसरा कंटाळा अतिपरिचयाचा. १९९७ चं श्रीलंकेचं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये आपण कोलंबोला गेलो. पहिल्या कसोटीत आपला नीलेश कुलकर्णी कसोटीतला आपला पहिलाच चेंडू टाकतो आणि त्यावर बळी घेतो! झकास सुरुवात, नाही का? त्यानंतर जयसूर्या आणि महानामा जे चिकटले, ते अख्खे दोन दिवस बादच झाले नाहीत. श्रीलंकेच्या झाल्या ६ बाद ९५२. बिचाऱ्या नीलेशच्या खात्यावर ७० षटकांत १९५ धावा आणि बळी तोच एक. पुढची कसोटीही अनिर्णित. तीन महिन्यांनी श्रीलंका भारतात हजर! मोहाली, नागपूर, मुंबई. तिन्ही अनिर्णित. एका वर्षात त्याच दोन संघांच्या पाच कसोट्या आणि निकाल शून्य. दोन्ही कंटाळे एका ताटात वाढलेले. २०१७ मध्येही असंच झालं. उन्हाळ्यानंतर तिकडे तीन कसोट्या, दिवाळीनंतर इकडे तीन. तेव्हा सामने आपण जिंकत होतो, तरी स्टेडियम काही ओसंडून वाहत नव्हतं. जिंकूनसुद्धा माणूस कंटाळतो, हे तेव्हा कळलं.

आता कोल्हापूरकर वाचकांच्या मनात एक शंका आली असेल. "मग आमच्या फुटबॉलचं काय?" अगदी बरोबर! शाहू स्टेडियमवर दरवर्षी त्याच तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... नावं पाठ आहेत तुमची. (बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगतो, कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. कुस्तीतली खुन्नस चेंडूवर निघते!) लीगमध्ये एकदा गाठ, मग बाद फेरीच्या स्पर्धांत सोडत निघेल तशी पुन्हा पुन्हा गाठ. तरी मॅचच्या दिवशी पेठेतली पोरं दुपारच्या उन्हात पायऱ्या अडवून बसतात, भडंगाची पुडी या हातातून त्या हातात फिरते, आणि "परत हेच दोघे?" असं कुणी म्हणत नाही. म्हणून बघा बरं, पेठेत राहणं कठीण होईल!

मग इथे कंटाळा का येत नाही? एक कारण तर उघड आहे. संघ आपल्या गल्लीचा असतो. काल गोल चुकवणारा पोरगा आज कोपऱ्यावर दूध आणायला भेटतो. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वरिष्ठ गटात सोळा संघ. दोन बलाढ्य तालमींची गाठ पडण्याआधी दोघींना बाकीच्यांशी खेळावंच लागतं. मधे एखादा लहान संघ कुणाला तरी धक्का देऊन जातो, गुणांचं गणित फिरतं, आणि मग मोठ्या सामन्याला चव येते. जेवणात सारखं पक्वान्न नसतं, म्हणून तर पक्वान्न हे पक्वान्न!

कसोटी क्रिकेटमध्ये नेमकी इथे गोची झाली आहे. भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड एकमेकांशी पाच-पाच कसोट्या खेळतात, कारण त्यांच्या सामन्यांना प्रेक्षक आणि पैसा दोन्ही मिळतात. बाकीच्यांना काय? बांगलादेश पहिली कसोटी खेळला २००० साली, ढाक्यात, आणि तीही आपल्याचविरुद्ध. पण भारतात कसोटी खेळायला त्यांना बोलावणं आलं २०१७ मध्ये! शेजारच्या घरात पाऊल टाकायला सतरा वर्षं. झिंबाब्वेशी आपण शेवटची कसोटी खेळलो २००५ मध्ये. आणि पाकिस्तानशी २००७ मध्ये, पण तिथे कारण राजकारणाचं, क्रिकेटचं नव्हे. तेव्हा "परत ऑस्ट्रेलिया?" असं विचारणारा मुलगा नकळत दुसराच प्रश्न विचारत असतो. बाकीचे कुठे गेले? हा प्रश्न मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. लहान संघांना मोठ्यांशी खेळायलाच मिळालं नाही, तर ते मोठे होणार कधी?

एवढं सगळं खरं असूनही ऑस्ट्रेलियाची मालिका जवळ आली की माझे कान टवकारतात, हे मी लपवणार नाही. कारण या दोघांचा हिशेब कधी पुरता होतच नाही. दर मालिकेत काहीतरी बाकी राहतं.

१९९८ मध्ये चेन्नईच्या पहिल्या डावात शेन वॉर्नने सचिनला ४ धावांवर काढलं. दुसऱ्या डावात सचिन नाबाद १५५! २००१ मध्ये ऑस्ट्रेलिया सलग १६ कसोट्या जिंकलेला, कोलकात्यात त्याने आपल्याला फॉलोऑन दिलेला, आणि लक्ष्मण-द्रविड अख्खा दिवस बादच होत नाहीत. आणि २०२० चा डिसेंबर तर तुमच्यातल्या मोठ्यांना आठवतच असेल. अ‍ॅडलेडला आपण सर्वबाद ३६! एकालाही दोन आकडी धावा नाहीत. शमी जखमी, कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतलेला. त्या दिवशी कोल्हापुरातच काय, कुठेच कुणी टीव्हीकडे बघायला तयार नव्हतं.

कप्तानी आली संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेकडे. गडी कमी बोलणारा. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या आणि सामना जिंकला. सिडनीत आपण चिवटपणे वाचलो. ब्रिस्बेनच्या गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरला नव्हता, आणि आपले निम्मे गोलंदाज पट्ट्या बांधून बसलेले! पालघरचा शार्दूल ठाकूर आणि पहिलीच कसोटी खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या. शेवटच्या दिवशी गिल ९१, पुजारा अंगावर चेंडू झेलत ५६, पंत नाबाद ८९. आव्हान ३२८ चं, विजय तीन गडी राखून. ३६ चा आकडा नसता, तर गॅबाला इतकी धार आली असती का?

ही ओढ तिकडेही आहे बरं का. २०२४ च्या डिसेंबरात मेलबर्न कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१ प्रेक्षक आले. त्या मैदानावरच्या कसोटीचा आधीचा उच्चांक १९३६-३७ चा होता, ब्रॅडमनच्या काळातला, इंग्लंडविरुद्धचा. जांभई देणाऱ्यांची गर्दी ही नव्हे!

ती मालिका आपण १-३ अशी हरलो. बुमराहने एकट्याने ३२ बळी घेतले, पण सिडनीत शेवटच्या डावात पाठीच्या दुखण्यामुळे तो गोलंदाजीला उतरूच शकला नाही. ऑस्ट्रेलियाने १६२ धावांचं लक्ष्य सहा गडी राखून गाठलं. त्यानंतर अश्विन नाही, रोहित नाही, कोहली नाही. तिघांचंही कसोटी क्रिकेट संपलं.

तेव्हा एक करा. जुन्या वहीची कोरी पानं असतील ती शिवून घ्या. पहिल्या पानावर लिहा : सिडनी, जानेवारी २०२५, बुमराहचं एक षटक बाकी. खाली तुम्हाला आठवतील त्या आणखी बाक्या लिहा. काही बाबांना विचारा, एखादी आजोबांना. आणि एक पान बांगलादेश, झिंबाब्वेसाठीही मोकळं ठेवा.