सबमशीनगनची पारख

स्टेनगन हें नांव मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. १९४१ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, स्वस्त आणि झटपट तयार होणारें हत्यार म्हणून इंग्लंडनें ती निर्माण केली. पिस्तुलाचेंच काडतूस वापरणारी, परंतु चाप दाबून धरला असतां एकामागून एक गोळ्या झाडणारी अशी जी आंखूड बंदूक, तीस सबमशीनगन म्हणतात. ती मिनिटास किती गोळ्या झाडते, हा प्रश्न सहसा पहिला विचारला जातो. वस्तुतः पहिली गोळी नेमाप्रमाणें जाते कीं नाहीं, आणि चाप ओढल्यावांचून ती सुटत तर नाहीं ना, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत.

स्टेनगनमध्यें झाडण्यापूर्वीं बोल्ट मागें अडकविलेला असतो. चाप ओढतांच तो जड लोखंडी ठोकळा स्प्रिंगच्या जोरानें पुढें धांवतो, मॅगझीनमधील काडतूस नळींत ढकलतो आणि त्याच आघातासरशी बार उडवितो. रचना सोपी खरी. पण नेमक्या त्या क्षणीं बंदूक हिसका खाते व नेम ढळतो. शिवाय भरलेली बंदूक हातांतून पडली तर आपोआप सुटण्याचा धोका असे. मॅगझीनमधील दोन रांगा तोंडाशीं एक होत, तेथें काडतुसें अडकत. २७ मे १९४२ रोजीं प्राग शहरीं नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर रोखलेली स्टेनगन चाललीच नाहीं; अखेर बाँब टाकावा लागला.

जर्मनींतील हेक्लर अँड कोख या कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत तयार केलेल्या एम. पी. ५ या बंदुकीची रचना निराळी आहे. तिच्यांत काडतूस आधींच नळींत बसलेलें आणि बोल्ट मिटलेला असतो. चाप ओढला कीं केवळ हलका घोडा पडतो. बार उडाल्यावर बोल्टमधील दोन लहान रूळ बाजूच्या खांचांत अडकून त्याचें मागें सरणें क्षणभर लांबवितात. त्यामुळें जड ठोकळ्याची गरज उरत नाहीं, धक्का सौम्य बसतो आणि नेम टिकतो.

दोषहि आहेत. ही रचना बारीक कामाची, म्हणून महाग. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाहीं. मॅगझीन रिकामें झाल्याची खूण हातास मिळत नाहीं. मिनिटास सुमारें ८०० या वेगानें ३० काडतुसें सव्वादोन सेकंदांत संपतात, हें ध्यानांत घेतां ही उणीव लहान नव्हे. पिस्तुलाची गोळी आधुनिक चिलखतापुढें दुबळी ठरते. म्हणून अनेक दलांनीं आतां आंखूड रायफली पत्करल्या आहेत.

तरीहि ५ मे १९८० रोजीं लंडनमधील इराणी वकिलातींत ओलिसांच्या सुटकेसाठीं शिरलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या हातीं एम. पी. ५ होती, आणि नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईंत उतरलेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या जवानांजवळहि ती होती. अशा खोलींत मारेकरी आणि निरपराध माणूस यांच्यांत कधीं कधीं वीतभरच अंतर असतें. तेथें भरकटलेली एक गोळी म्हणजे एक निरपराध जीव. हत्याराची खरी पारख तेथेंच होते.