दोन हजारांत गेमिंग हेडसेट

गेमिंग हेडसेट म्हणजे कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि तोंडापाशी येणारा माइक, दोन्ही एकाच पट्टीवर बसवलेले. गाणी ऐकण्याच्या हेडफोनपेक्षा त्याच्यावर वेगळी जबाबदारी असते. समोरच्या खेळाडूची पावले डावीकडून येताहेत की मागून, हे त्यातून कळावे लागते. चार जणांच्या स्क्वॉडमध्ये एकाने बोललेले उरलेल्या तिघांना नीट पोचावे लागते. शिवाय दोन-तीन तास डोक्यावर राहूनही तो बोचता कामा नये. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात पाचशे रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंतचे हेडसेट दिसतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या खिशाला झेपणारा पट्टा हजार ते अडीच हजारांचा. या पट्ट्यात कामाचा हेडसेट नक्की मिळतो, पण खोक्यावरची जाहिरातही याच पट्ट्यात सर्वांत भडक असते. म्हणून कोणत्या गोष्टीचे पैसे मोजायचे आणि कोणत्या सोडून द्यायच्या, हे दुकानात जाण्याआधी ठरलेले बरे.

आधी दिशेचे. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला तो आधी पोचतो आणि थोडा मोठाही ऐकू येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत जायला त्याला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद जास्त लागतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाजू ओळखतो. चढ्या पट्टीच्या आवाजांना डोके अडवते, त्यामुळे लांबच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात, आणि तीही एक खूण ठरते. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये या दोन खुणांची मांडणी केली. पुढचा आवाज आणि मागचा आवाज यांतला भेद मात्र मुख्यतः कानाच्या पाळीवरील घड्यांमुळे कळतो. आवाज त्यांवर आपटून जरा बदलतो आणि तो बदल मेंदूला लहानपणापासून पाठ असतो.

हे सारे गणित गेम स्वतः करू शकतो. डोके आणि कान आवाजाला कसे बदलतात याचे मोजलेले नमुने वापरून प्रत्येक कानासाठी वेगळा आवाज तयार करण्याची सोय काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ साली आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली. म्हणजे दोन कानांसाठी दोन चांगले स्पीकर असले की काम भागते. खोक्यावर ठळक छापलेले ‘७.१ सराउंड’ स्वस्त हेडसेटमध्ये बहुधा आभासी असते. सात दिशांचे आणि एक खर्जाचा, असे आठ आवाज एक चिप किंवा सॉफ्टवेअर दोन स्पीकरमध्ये मिसळते. गेमने आधीच दिशा घातलेली असताना वरून ही दुसरी प्रक्रिया झाली, तर आवाज घुमतो आणि दिशा पुसट होते. ज्यांना चित्रपटासाठी तसा आवाज हवा असेल, त्यांच्या विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सोनिक’ फुकट असते. फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्याला तर साध्या ३.५ मिमीच्या पिनेतून डावा-उजवा असे दोनच आवाज मिळणार. तेव्हा ७.१ साठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

खोक्यावरचे बाकीचे आकडेही फारसे बोलत नाहीत. ‘५० मिमी ड्रायव्हर’ म्हणजे आतल्या स्पीकरच्या पडद्याचा व्यास. पडदा मोठा म्हणून आवाज चांगला, असे नसते. पडद्याचे द्रव्य, चुंबक आणि कपाची घडण यांवर जास्त अवलंबून असते. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही माणसाच्या श्रवणाची सर्वसाधारण मर्यादा आहे आणि ती जवळपास प्रत्येक खोक्यावर असते. या पट्ट्यात कोणता आवाज किती उचलला किंवा दाबला जातो, हे त्यावरून कळत नाही. एक आकडा मात्र पाहावा : रोध, म्हणजे ओहम. १६ ते ३२ ओहमचा हेडसेट फोनवर पुरेसा मोठा वाजतो, आणि स्वस्त गेमिंग हेडसेट बहुतेक याच मापात असतात.

खर्ज फार असलेला हेडसेट दुकानात पहिल्या मिनिटाला भारी वाटतो आणि नेमका तोच गेममध्ये नडतो. मोठा खर्जाचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले आवाज झाकून टाकतो, हा कानाचाच गुणधर्म आहे. स्फोटाच्या गडगडाटात पावलांची चाहूल हरवते ती यामुळे. पारखताना बीट असलेले गाणे लावू नये. ज्या गेमसाठी हेडसेट घ्यायचा, त्याच गेमचा चित्रित भाग फोनवर लावून पावले, दार उघडणे, बंदुकीत गोळ्या भरणे हे आवाज सुटे ऐकू येतात का, ते बघावे.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते जोडणीत. फोन आणि लॅपटॉपच्या गोल छिद्रात चालणारी पिन चार कड्यांची असते : डावा, उजवा, अर्थ आणि माइक. या कड्यांचा क्रम लावण्याच्या दोन पद्धती पूर्वी चालत. आज सीटीआयए ही पद्धत जवळपास सगळीकडे आहे. जुना किंवा बेनाव हेडसेट दुसऱ्या क्रमाचा निघाला, तर आवाज पातळ, पोकळ येतो आणि माइक मुका राहतो. जुन्या डेस्कटॉपला आवाजाचे हिरवे आणि माइकचे गुलाबी अशी दोन छिद्रे असतात. तिथे चार कड्यांची एकच पिन लावली तर माइक चालत नाही. त्यासाठी दोन शेपट्यांची स्प्लिटर वायर लागते. काही कंपन्या ती खोक्यातच देतात, नाहीतर शंभर-दोनशे रुपयांत मिळते. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरला ३.५ मिमीचे छिद्र असते, त्यामुळे तोच हेडसेट तिथेही चालतो.

अनेक नव्या फोनांत हे गोल छिद्रच उरलेले नाही. मग टाइप-सी ॲडॉप्टर घ्यावा लागतो, आणि तो दोन जातींचा असतो. साधा ॲडॉप्टर फक्त तारा जोडतो. ज्या फोनमधून टाइप-सीद्वारे थेट आवाज बाहेर येतो, त्याच फोनवर तो चालतो. दुसऱ्यात आकड्यांचा आवाज करणारी डीएसी चिप असते आणि तो बहुतेक फोनांवर चालतो. फोन हातात घेऊन, ॲडॉप्टर लावून, माइकसकट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ॲडॉप्टर लावल्यावर चार्जिंगचे छिद्र अडते, हेही लांब खेळणाऱ्याने हिशेबात धरावे.

आणखी एक फसगत दिव्यांची. रंगीत दिवे असलेल्या बऱ्याच हेडसेटना गोल पिनेसोबत यूएसबी पिनही असते. ती फक्त दिव्यांना वीज देण्यासाठी असते, तिच्यातून आवाज येत नाही. खराखुरा यूएसबी हेडसेट वेगळा. त्याचे साउंड कार्ड त्याच्या आतच असते. ज्या कॉम्प्युटरच्या गोल छिद्रातून सतत खरखर येते, त्याला तो उपयोगी पडतो. एक्सबॉक्सवर मात्र असे सामान्य यूएसबी हेडसेट चालत नाहीत.

वायरलेसचा मोह सोडणे या बजेटमध्ये हिताचे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि चित्रापेक्षा आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांहून मागे पडला की माणसाला ते जाणवू लागते. ‘गेम मोड’ हा उशीर बराच कमी करतो, तरी दुसरी अडचण राहतेच, आणि ती जास्त गंभीर आहे. नेहमीच्या ब्लूटूथवर हेडसेटचाच माइक सुरू केला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते. आवाज एकसुरी होतो, डावे-उजवे नाहीसे होते. ज्या दिशेसाठी हेडसेट घेतला, तीच जाते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’मध्ये यावर उपाय आहे, पण फोन आणि हेडसेट या दोघांतही ती सोय लागते. छोटे डोंगल लावून चालणारे २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट हे दोन्ही दोष टाळतात. मात्र त्यांतले चांगले नमुने या पट्ट्याच्या वर जातात. शिवाय कोणत्याही वायरलेस हेडसेटची बॅटरी वर्षागणिक थकते आणि स्वस्त नमुन्यांत ती बदलता येत नाही.

माइककडे ग्राहक सर्वांत कमी लक्ष देतात आणि सोबत खेळणारे सर्वांत जास्त त्रास सोसतात. नाशिकमधल्या घरात एप्रिल-मे महिन्यांत पंखा पाचावर असतो, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो, खालून रिक्षा जात असते. अशा घरात माइक तोंडाजवळ असण्याला पर्याय नाही. अंतर निम्मे केले की बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि पंख्याचा आहे तेवढाच राहतो. म्हणून वाकवता येणारी, लांब दांडीची रचना कपात दडवलेल्या माइकपेक्षा चांगली. माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, जरा बाजूला धरावा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट त्यात शिरत नाही. स्पंजची टोपी असेल तर पंख्याचा वाराही अडतो. ‘नॉइज कॅन्सलिंग’ या शब्दांपाशी थांबून वाचावे : स्वस्त हेडसेटवर ते माइकबद्दल असतात, ऐकणाऱ्याच्या कानाभोवतीचा आवाज त्यामुळे कमी होत नाही. डिस्कॉर्डवर बोलणाऱ्यांना क्रिस्प ही आवाज गाळण्याची सोय मिळते आणि पंख्याची घरघर ती चांगलीच काढून टाकते. दुकानात तपासायची रीत सोपी आहे : हेडसेट आपल्या फोनला लावायचा, आवाज नोंदवायचा, परत ऐकायचा.

डोक्यावर बसण्याचे मोल आकड्यांत येत नाही, पण हेडसेट वर्षभर वापरला जातो की कपाटात पडतो, हे त्यावरच ठरते. वजन तीनशे ग्रॅमच्या आत असावे. हायपरएक्सचा २०१६ साली आलेला क्लाउड स्टिंगर २७५ ग्रॅमचा होता आणि हलक्या हेडसेटसाठी ते माप आजही योग्य वाटते. कप कानाभोवती बसावेत, कानावर दाबू नयेत. चष्मा असणाऱ्याने चष्मा घालूनच बघावे, कारण काडीमुळे गादी उचलली जाते आणि त्या फटीतून खर्ज निसटतो. दोन मिनिटांत काही कळत नाही. दहा मिनिटे डोक्यावर ठेवून दुकानात उभे राहावे. ऑनलाइन घेणाऱ्याला ही संधी नसते, म्हणून परत करण्याची मुदत आणि अट आधी वाचावी.

गाद्यांचा प्रश्न हवेशी जोडलेला आहे. स्वस्त हेडसेटवर पॉलियुरेथेनचे नकली चामडे असते. ते बाहेरचा आवाज चांगला अडवते, पण नाशिकचा पारा चाळिशीकडे गेला की कान घामाघूम होतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत पाणी आणि घाम या द्रव्याची साखळी हळूहळू तोडतात, आणि काळे पापुद्रे निघू लागतात. कापडी किंवा जाळीच्या गाद्या थंड राहतात आणि टिकतात, मात्र थोडा आवाज आत-बाहेर झिरपतो. दोन्ही परिस्थितींत गादी निघणारी असावी. सुटी जोडी थोडक्या पैशांत मिळते आणि हेडसेटचे आयुष्य त्याने वाढते. चिकटवलेल्या गाद्यांचा हेडसेट पापुद्रे सुटले की संपला.

बिल घेणे टाळू नये. हेडफोनवरचा १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर घेतलेला माल बिघडला, तर वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क असणे कायद्याने बंधनकारक आहे. वायरलेस हेडफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला बाजारात असतात आणि ही तपासणी त्यांवर चालते. दुरुस्ती शहरातच होते की हेडसेट कुरियरने बाहेर पाठवावा लागतो, हेही विचारून घ्यावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही.

कानांचे रक्षण हा निवडीचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांनी तितकेच तास ७५ डेसिबल ऐकणे सुरक्षित. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. रोज तीन तास खेळणारा २१ तासांवर जातो, म्हणजे ८३ वरच त्याची मर्यादा ओलांडली जाते. पंख्याचा आवाज आत येणारा हेडसेट घातला की हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. घट्ट, कान नीट झाकणारे कप म्हणून चैन नाहीत. गेमच्या सेटिंगमध्ये संगीत शून्यावर आणले, तर कमी आवाजातही पावले ऐकू येतात.

बिघाड बहुधा वायरीत होतो : पिनेच्या मानेपाशी किंवा वायर कपात शिरते तिथे. एका कानातला आवाज हलवल्यावर येत-जात असेल, तर दोष तिथेच. त्या दोन जागी जाड रबरी बाही असलेला हेडसेट जास्त टिकतो, आणि सुटी होणारी वायर असेल तर ती बदलली की भागते. नसेल, तर मोबाइल दुरुस्तीवाला नवी पिन डाग देऊन बसवू शकतो. आतल्या बारीक तारांवर लाखेचा पातळ थर असतो. तो आधी जाळून काढला नाही तर डाग धरत नाही. पिन तुटलेला चांगला हेडसेट दुरुस्त करावा. पडदा फाटून आवाज थरथरू लागलेला मात्र या किमतीत दुरुस्त करणे परवडत नाही.