बार्शीहून हैदराबादला, हुमनाबादमार्गे

सोलापूरहून हैदराबादला जाणारा हायवे आपल्या बिदर जिल्ह्याला चाटून जात नाही, तो जिल्ह्याच्या मधून जातो. नळदुर्ग, उमरगा मागे पडलं की बसवकल्याणचा फाटा येतो, मग हुमनाबाद, मग पलीकडे जहिराबाद. रेल्वेनं जायचं म्हटलं तर गाणगापूर रोड, कलबुर्गी, वाडी. काहीही करा, सोलापूरकडच्या माणसाला हैदराबाद गाठायला आपलं अंगण ओलांडावंच लागतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1994 मध्ये जन्मलेल्या प्रार्थना ठोंबरेनं हैदराबाद गाठलं ते टेनिससाठी. तिथे सानिया मिर्झाच्या अकादमीत तिनं सराव केला. ज्वारी आणि भगवंताचं देऊळ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातली ही मुलगी 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचं कांस्यपदक घेऊन आली. 2016 मध्ये त्याच जोडीनं रिओ ऑलिंपिकमध्ये पेंग शुआई आणि झांग शुआई या चिनी जोडीशी झुंज दिली. पहिला सेट टायब्रेकरवर गेला, दुसरा आपल्या मुलींनी 7-5 असा ओढून आणला आणि तिसरा त्याच 7-5 नं हातून निसटला. त्यातली पेंग एकेकाळी दुहेरीत जगात पहिली होती, हे लक्षात घेतलं की तो पराभव किती जवळचा होता ते कळतं.

पण मला खरं नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. टेनिस हा एकट्यानं खेळायचा खेळ. वर्षभर खेळाडू स्वतःच्या क्रमवारीसाठी गावोगाव, देशोदेशी फिरतो. आणि वर्षातले मोजके दिवस हीच माणसं देशासाठी एका रंगाचे कपडे घालून एका बाकावर येऊन बसतात! पुरुषांसाठी असा डेव्हिस कप 1900 मध्येच सुरू झाला. बायकांसाठीही अशी स्पर्धा हवी, हा विचार अमेरिकेच्या हेझल हॉचकिस वाइटमननं 1919 मध्ये मांडला, आणि फेडरेशन कप लंडनच्या क्वीन्स क्लबवर उभा राहिला 1963 मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! भारताच्या मुली त्यात पहिल्यांदा उतरल्या 1991 मध्ये. पुढे त्याचा फेड कप झाला आणि 2020 पासून त्याला बिली जीन किंग कप म्हणतात.

आशिया-ओशनिया गटात दोन देशांची लढत तीन सामन्यांची असते. आधी दोन्ही संघांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुली खेळतात, नंतर पहिल्या क्रमांकाच्या, आणि शेवटी दुहेरी. एकेरीत 1-1 झालं की सगळा देश त्या दुहेरीवर टांगलेला. एकेरीच्या क्रमवारीत खूप खाली असलेली, पण जोडीनं खेळण्यात मुरलेली मुलगी इथे लढत जिंकून देऊ शकते. प्रार्थनासारख्या खेळाडूचं मोल इथे कळतं.

दुहेरी मुळात वेगळाच खेळ आहे. माणसं दुप्पट होतात, मैदान मात्र दुप्पट होत नाही. एकेरीत ते 8.23 मीटर रुंद असतं, दुहेरीत 10.97, लांबी तीच. जाळ्याजवळ उभी असलेली खेळाडू समोरच्या जोडीला विचार करायला वेळच देत नाही. जाळं मध्यभागी सगळ्यात खाली, म्हणून चेंडू तिथूनच मारायचा मोह होतो; आणि तो दोघींच्या मधून गेला तर क्षणभर प्रश्न पडतो की हा कुणी घ्यायचा? त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असावं लागतं. शिवाय या स्पर्धेत कॅप्टन मैदानातच खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूंशी बोलतो.

2020 च्या मार्चमध्ये दुबईत, याच गटाच्या लढतींत, हे सगळं पणाला लागलं. पहिली लढत भारत चीनशी हरला, पुढच्या चारही जिंकला. शेवटच्या लढतीत इंडोनेशियाशी 1-1 झालं आणि दुहेरीत सानिया व अंकिता रैना जिंकल्या. गटातून पुढे प्ले-ऑफ गाठण्याची भारताची ती पहिलीच वेळ. त्या संघात श्रीरामपुरात जन्मलेली ऋतुजा भोसलेही होती, जिनं 2023 मध्ये रोहन बोपण्णाबरोबर आशियाई सुवर्ण जिंकलं.

दुसऱ्यांदा प्ले-ऑफ गाठले ते 2025 च्या एप्रिलमध्ये, पुण्यात बालेवाडीला. हैदराबादची श्रीवल्ली भामिदिपाटी पाचही एकेरी सामने जिंकली, आणि त्याच संघात बार्शीची प्रार्थना होती. आपल्या हायवेची दोन्ही टोकं एका बाकावर!

टीव्हीवर पुढची लढत 1-1 अशी होईल तेव्हा एकेरी संपली म्हणून उठू नका. भालकीत, आळंदला, औरादला घरात एखादी लेक चेंडू भिंतीवर बडवत असेल, तर तिलाही शेजारी बसवा.