घरपोच माल आणि गाडीचा विमा

परभणीच्या मोंढ्यात सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक बदल सहज ध्यानात येतो. पूर्वी जो माल बैलगाडीतून येई आणि हमालाच्या पाठीवरून दुकानात जाई, तोच आता लहान टेम्पोतून, तीनचाकीतून आणि कित्येकदा साध्या मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर बांधून जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडकडे निघतो. शहरात तर किराणा, औषधे, जेवण व पार्सले घेऊन तरुण मुले दिवसभर घरोघर फिरत असतात. यांपैकी कोणालाही ‘गाडीचा विमा आहे ना?’ असे विचारा; बहुतेक जण ‘आहे’ असेच म्हणतील. परंतु ‘तो कोणत्या कामासाठी आहे?’ असा दुसरा प्रश्न केला की उत्तर अडते. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे.

प्रथम विम्याचे मूळ पाहू. मोटार ही वस्तू अशी की तिच्या मालकाच्या चुकीचे फळ रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भोगावे लागते. धडक देणारा निर्धन असेल, तर न्यायालयाने भरपाई ठरवूनही जखमी माणसाच्या हाती काही पडत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने अशा तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा झाला. आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तीच तरतूद आली व १ जुलै १९४६ पासून ती अमलात आली. आज १९८८ चा कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम १४६ प्रमाणे असा विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार व पुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या विम्याला व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला धक्का लागला. नावातच सर्व अर्थ आहे. गाडी चालविणारा स्वतः पडला व त्याचा पाय मोडला, तर तो काही ‘तिसरा’ नव्हे. सक्तीच्या विम्यातून त्याला काही मिळत नाही. त्याच्या गाडीची दुरुस्तीही त्यातून होत नाही. गाडीवरचा माल फुटला, तर तोही नाही. इतकी साधी गोष्ट पुष्कळांना अपघातानंतर कळते.

आता कामाचा प्रश्न घेऊ. विम्याच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ असा एक मजकूर बारीक अक्षरांत छापलेला असतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वगळलेला असतो. त्याचप्रमाणे नमुने व स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूकही वगळलेली असते. म्हणजे पार्सलामागे पैसे घेणारा तरुण तर या मर्यादेबाहेर जातोच, पण आपल्याच दुकानाचा किराणा गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचविणारा दुकानदाराचा मुलगाही जातो. ‘आम्ही भाडे घेत नाही’ एवढे म्हटल्याने भागत नाही.

लोक हे जाणूनबुजून करतात काय? आमच्या मते बहुधा नाही. आणि जे करतात ते हप्त्याकडे पाहून. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये होता, तर साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये. हा फरक लहान कमाईच्या माणसाला जाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण जी गाडी दिवसभर माल घेऊन रस्त्यावर असते, तिच्या हातून अपघात होण्याचा संभव अधिक, म्हणून तिचा हप्ताही अधिक. कमी हप्ता भरून घेतलेला चुकीचा कागद स्वस्त नव्हे. तो उसना दिलासा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाथरी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या नावावर मोटारसायकल आहे आणि त्याचा मुलगा तीवर पार्सले पोहोचवितो. एके संध्याकाळी तिची धडक बसून रस्त्याकडेचा एक मजूर दगावतो. त्याची बायकोमुले मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. दावा मुलावर होतो, तसाच गाडीचा मालक म्हणून बापावरही होतो. खासगी पॉलिसी, आणि वापर मोबदल्याचा, अशी हरकत घेण्याची मुभा कंपनीला कायद्यानेच आहे. हरकत मान्य झाली, तर भरपाईचा बोजा बापावर पडतो. कित्येकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरावयास सांगते व ते मालकाकडून वसूल करण्याची परवानगी देते. चालकाच्या परवान्याविषयीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ही वाट स्पष्ट केली. त्यामुळे मजुराच्या कुटुंबाला आधार मिळतो, पण बाप सुटत नाही. निवाड्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करता येते. ज्या घरी दोन-चार एकरांवर पोट आहे, त्या घराला याचा अर्थ सांगावयास नको.

याच उदाहरणात मुलगा स्वतः मेला असता तर? मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ सालापासून आहे. पण ते नोंदणीकृत मालकाचे आहे. गाडी बापाच्या नावावर व चालविणारा मुलगा, अशी स्थिती आपल्याकडे घरोघर असते. अशा वेळी ते संरक्षण मुलाला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळे घ्यावे लागते, किंवा गाडी त्याच्या नावावर करावी लागते.

टेम्पोवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला वाहतुकीचे परमिट लागत नाही, हे खरे. पण म्हणून मालवाहू विम्यातून ती सुटत नाही. चालकाच्या परवान्याविषयी मात्र दिलासा आहे: हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. दुसरी गोष्ट लग्नसराईची. रिकाम्या टेम्पोत वऱ्हाड बसविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. इतर प्रवाशांसाठी मालगाडीची विमा कंपनी जबाबदार नाही, असे २००३ साली ठरले आहे. तेव्हा वऱ्हाडाचा टेम्पो उलटला, तर सगळा भार मालकावर येतो.

तर करावे काय? कागद हाती घेऊन चार गोष्टी पाहाव्यात. वापर कोणता लिहिला आहे. गाडी कोणाच्या नावावर आहे व चालवितो कोण. चालकाचे व हमालांचे संरक्षण घेतले आहे की नाही. आणि मुदत कधी संपते. मालासाठी स्वतंत्र विमा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. आपले काम काय आहे ते विमा उतरविताना एजंटाला खरेखरे सांगावे आणि त्याने दिलेला कागद वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचवून घ्यावा. जे माल पोहोचविण्यास माणसे ठेवतात, त्या दुकानदारांनी व कंपन्यांनी हा हप्ता त्या मुलांच्या तुटपुंज्या कमाईवर न टाकता आपल्या व्यवहाराचा खर्च मानावा, असे आमचे मागणे आहे. माल वेळेवर पोहोचावा ही अपेक्षा रास्तच आहे. तो पोहोचविणाराही रात्री घरी पोहोचावा, आणि न पोहोचला तर त्याचे घर उघडे पडू नये, एवढी तजवीज करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.