पिरानेसीचें रोम

इमारतीचें चित्र म्हणजे मोजपट्टीनें आखलेला नकाशा, अशी पुष्कळांची समजूत असते. जिओव्हानी बात्तिस्ता पिरानेसीचीं चित्रें पाहिलीं कीं ती ढासळते. त्याच्या कमानी आकाश पेलून उभ्या असतात, भग्न भिंतींवर झुडपें माजलेलीं असतात, आणि खालीं मुंगीएवढीं माणसें हातवारे करीत हिंडत असतात. हें धाडस त्याला सुचलें कोठून?

व्हेनिसच्या मुलखांत १७२० सालीं एका पाथरवटाच्या घरीं तो जन्मला. मामा व्हेनिसच्या जलव्यवस्थेवर इंजिनियर होता. स्थापत्याचे पहिले धडे त्याच्याकडे मिळाले. परंतु त्याहून थोर गुरु म्हणजे इटलीची रंगभूमि. बिब्बिएना घराण्यांतील नेपथ्यकारांनीं पडद्यावरील महाल समोरून न दाखवितां कोनांतून दाखविण्याची प्रथा पाडली होती. त्यामुळें स्तंभांच्या रांगा दोन्ही अंगांस दूर निघून जातात व तोकडा रंगमंच अफाट भासतो. १७४० मध्यें रोमला आल्यावर पिरानेसीनें हीच युक्ति खऱ्याखुऱ्या अवशेषांवर चालविली.

साधन म्हणाल तर तांब्याचा पत्रा. त्यावर मेणाचा थर द्यावयाचा, मेणांत सुईनें रेघ ओढावयाची, आणि पत्रा अम्लांत ठेवावयाचा. उघडें पडलेलें तांबें अम्ल खातें. फिकट हवी ती रेघ लवकर झांकून टाकावयाची, काळीभोर हवी ती पुनःपुन्हा अम्लाच्या स्वाधीन करावयाची. सावलीची सारी खोली या धीरांतून येते. त्याची 'तुरुंग' ही काल्पनिक चित्रमाला १७५० च्या सुमारास १४ चित्रांची होती. १७६१ मध्यें त्यानें तेच पत्रे अधिक गडद केले व दोन नव्यांची भर घातली. तेथील जिने चढतात खरे, पण कोठें पोंचतात तें कळत नाहीं!

या अतिशयोक्तीचा ताप प्रवाशांना झाला. कॅराकॅलाचीं स्नानगृहें प्रत्यक्ष पाहतांना जर्मन कवि गटेचें समाधान झालें नाहीं. पिरानेसीनें मनांत भरविलेलें चित्र अधिक भव्य होतें. मग ही फसवणूक म्हणावयाची काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. हाच मनुष्य उन्हातान्हांत अवशेषांचीं मापें घेत असे. १७५६ मध्यें प्राचीन रोमवरील त्याचे चार खंड निघाले. त्यांच्या प्रस्तावनेंत त्यानें आपली व्यथा स्पष्ट सांगितली आहे: कांहीं अवशेष काळ गिळीत होता आणि कांहीं जमीनमालकांचा लोभ, नव्या घरांसाठीं जुन्या वास्तूंचे दगड विकले जात होते. जें भूमीवर टिकण्याची खात्री नव्हती, तें त्याला कागदावर टिकवावयाचें होतें. तेव्हां आवाज थोडा चढला तर नवल काय?

एवढीं प्रचंड मंदिरें रेखाटणाऱ्या या कलावंताच्या हातून प्रत्यक्षांत एकच वास्तु उभी राहिली. आव्हेंतीन टेकडीवरील सांता मारिया देल प्रिओरातो हें देवालय त्यानें १७६४ ते १७६६ या काळांत नव्यानें सजविलें. तें लहानसेंच आहे. १७७८ मध्यें त्याचें निधन झालें. त्याची समाधि तेथेंच आहे.