आपल्या हरभऱ्याचे हुम्मुस
आखाती देशांत नोकरीस गेलेली मंडळी सुटीवर गावी आली, की खजूर आणि अत्तराबरोबर काही खाद्यपदार्थांची नावेही घेऊन येतात. ‘हुम्मुस’ हे त्यांपैकीच एक. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या घरांतील मुलेही आता ते मागू लागली आहेत. शहरातील दुकानात मिळणाऱ्या त्याच्या दोनशे ग्रॅमच्या डब्याला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात किलोभर हरभऱ्याची डाळ सहज यावी. महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या गृहिणीच्या कपाळाला आठी पडते ती उगीच नव्हे.

वस्तुतः ‘हुम्मुस’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. शिजवलेला हरभरा, वाटलेले तीळ, लिंबू आणि लसूण एवढाच त्याचा प्रपंच. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या पाकग्रंथांत याच्या जवळचे पदार्थ आढळतात. इराणातून आलेल्या महमूद गवानाचा मदरसा बिदरमध्ये १४७२ साली उभा राहिला. तरी त्या देवघेवीत हुम्मुस आपल्या ताटात आले नाही, कारण तो इराणचा नव्हे, शाम आणि मिसरकडचा पदार्थ.

आपल्याकडे मात्र त्याची सारी सामग्री पूर्वापार आहे. पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा पोसतो. वेळ अमावास्येच्या भज्जीत त्याचे कोवळे दाणे पडतात, आणि भोगीच्या भाकरीला तीळ लागतातच. ऑलिव्हच्या महाग तेलाऐवजी आपले करडईचे तेल आहे. काबुली चण्याचाही हट्ट नको. गावरान हरभऱ्याचे साल जाड असल्याने तो अख्खा वाटला तर रवाळ लागतो, म्हणून सरळ डाळच घ्यावी. रंग पिवळा येईल, एवढाच फरक.

एक वाटी डाळ चार-पाच तास भिजवावी. ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालून कुकरमध्ये पुष्कळ शिजवावी. आपल्या बऱ्याच विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. त्यातील चुन्याने डाळ लवकर मऊ होत नाही, तेथे सोडा उपयोगी पडतो. लिंबू, चिंच असे कोणतेही आंबट मात्र शिजताना घालू नये, त्यानेही डाळ कडकच राहते. वरणाला चालते तेवढी शिजून येथे भागत नाही. दोन बोटांत धरताच तिचे लोणी व्हावे. मग चाळणीवर नीट निथळावी आणि खालचे पाणी आमटीसाठी राखावे.

खरी परीक्षा तिळांची. पॉलिश केलेले पांढरे तीळ अर्धी वाटी घेऊन मंद आचेवर नुसते गरम करावेत. तांबूस झाले की कडवटपणा येतो आणि मग कितीही लिंबू पिळा, तो जात नाही. कोमट असतानाच दोन चमचे करडईच्या तेलाबरोबर मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटावेत. त्यात दोन पाकळ्या लसूण, दीड लिंबाचा रस, मीठ आणि चमचा-चमचा गार पाणी घालावे. प्रथम वाटण एकदम घट्ट होते. घाबरू नये, पाणी घालीत राहिले की ते पांढरे आणि हलके होते. यानंतरच डाळ घालून पुन्हा गुळगुळीत वाटावे. निवल्यावर ते आळते, म्हणून थोडे सैलच ठेवावे. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तेलाची धार.

काटकसर म्हणून निम्म्या तिळांऐवजी शेंगदाणे घेतले तर चालतात. सगळेच शेंगदाणे घेतले तर ती चटणी होते, आणि तिचे दुःख मानण्याचे कारण नसले तरी तिला हुम्मुस म्हणू नये. मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचेही तसेच. वाटली डाळ आपल्याकडे आधीपासून आहे!

ज्वारीत लायसीन हे प्रथिनघटक कमी असते, ते हरभऱ्यात भरपूर. दात गेलेल्या आजोबांना आणि उसळीला नाक मुरडणाऱ्या नातवाला हे वाटण सारखेच सोसते. पण या भागातील कित्येक शेतकरी घरांचा सारा हरभरा सुगीतच अडतीला जातो आणि पावसाळ्यात त्याच घरात डाळ पुड्याने विकत येते, हे पाहून वाईट वाटते. देणेकऱ्याचा तगादा असला की घरधनी तरी काय करणार? तरीही दोन-चार पायल्या मागे ठेवण्याचा हट्ट घरातील बायकांनी जरूर धरावा. भिजवून, वाळवून जात्यावर भरडले की डाळ घरचीच.

केलेले हुम्मुस शीतकपाटात तीन दिवस राहते. ते नसेल तर उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावे. सोबत मैद्याची रोटी शोधीत बसू नये. आपली कडक भाकरी मोडून तिच्या तुकड्याने खावे, आणि पाहुणे असतील तर भाकऱ्या दोन जास्तच काढून ठेवाव्यात.