शंकुच्छाया

शंकुच्छाया : सपाट जागेवर लंबरूप उभ्या केलेल्या शंकूची (काठीची) उन्हात पडणारी सावली. तिच्या दिवसभरातील फिरण्यावरून वेळ कळते, तर माध्यान्हीच्या लांबीवरून वर्षातील दिवस ठरविता येतो. भारतीय ज्योतिषात शंकू बारा अंगुलांचा घेत व विषुवदिनी पडणाऱ्या त्याच्या माध्यान्हछायेस ‘पलभा’ म्हणत. ती अक्षांशानुसार बदलते, अमरावती (सु. २०° ५६' उ.) येथे ती सु. ४·६, तर अकोला (सु. २०° ४२' उ.) येथे सु. ४·५ अंगुले येते.

माध्यान्ही सूर्याचे खस्वस्तिकापासूनचे अंतर म्हणजे स्थळाचे अक्षांश व सूर्याची क्रांती यांतील फरक होय. त्यामुळे अमरावतीस १ मी. उंच काठीची माध्यान्हछाया २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब (सु. ९८ सेंमी.) व विषुवदिनी सु. ३८ सेंमी. असते. वऱ्हाड कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथे सूर्य वर्षातून दोनदा, अमरावतीस सु. २५ मे व १८ जुलै रोजी, डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. अकोल्यास हे मेमध्ये सु. एक दिवस आधी व जुलैत तितकेच नंतर घडते. मधल्या काळात सावली दक्षिणेस पडते; २१ जूनला ती सु. ४ सेंमी. असते.

माध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. अमरावतीस ती वर्षभरात सु. १२·०३ ते १२·३३ यांदरम्यान होते. म्हणून थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या टोकाशी खुणा करून सर्वांत आखूड सावली मोजतात. एकच लांबी वर्षातून दोनदा येत असल्यामुळे सावली वाढते आहे की घटते आहे, हेही काही दिवस पाहावे लागते. विषुवदिनाच्या सुमारास ती रोज सु. ८ मिमी. बदलते, अयनदिनाच्या आसपास मात्र आठवड्यातही जेमतेम ५-६ मिमी. बदलते व दिवस नेमका ठरत नाही. शिवाय सूर्यबिंब सु. अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कडा पुसट असते. काठीच्या टोकाशी बारीक छिद्राची पत्री बसवून कवडशाचा मध्य मोजल्यास ही अडचण कमी होते.

शंकुच्छायेवरून सायन सौर दिनांक मिळतो. चांद्र तिथी मिळत नाही. सावली घटू लागते ती डिसेंबरच्या अखेरीस, पण निरयन पंचांगातील मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस येते. अयनचलनामुळे हे अंतर सु. ७२ वर्षांत एक दिवस वाढते. खरिपाच्या पेरणीसाठी पाहिले जाणारे मृग नक्षत्रही (७-८ जून) निरयन गणनेचेच असल्याने ऋतूंच्या तुलनेत तसेच पुढे सरकते. २२ मार्च १९५७ (१ चैत्र शके १८७९) पासून स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र वसंतसंपाताशी निगडित असल्यामुळे तिचा दिनांक सावलीशी थेट जुळतो.